वाचक विचारतात: काउंटर, फरशी, हँडल... काय लावलं तर नीट निर्जंतुक करता येईल?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की क्लिनिक, जिम, ऑफिस काहीही करत असाल तर मटेरियल पसंत करायला शोरूममध्ये जायच्या आधी सफाई करणाऱ्या मावशींच्या बादलीत काय आहे ते बघून या. त्यावर एवढे मेसेज आलेत की बाकी सगळे विषय यावेळी बाजूला ठेवले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जागांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी डेंटिस्ट आहे, नवीन क्लिनिक करतोय. रिसेप्शनला आणि आतल्या प्लॅटफॉर्मला पांढरा मार्बल लावायचं माझ्या फार मनात आहे. डिझायनर म्हणतो क्वार्ट्झ लावा, सुतारकाम करणारा म्हणतो कोरियन लावा. मार्बल खरंच एवढा वाईट आहे का हो?

डॉक्टर, वाईट नाहीये, पण तुमच्या कामाचा नाही. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर काहीही आम्लयुक्त पडलं की ते त्याला खातं, आणि काही जंतुनाशकंही, खास करून हायड्रोजन पेरॉक्साइडवाली, आम्लयुक्त असतात. मग जो पांढुरका ठिपका दिसतो तो डाग नसतो, तिथलं पॉलिशच गेलेलं असतं, त्यामुळे कितीही घासलं तरी तो जात नाही, परत पॉलिशच करावं लागतं. शिवाय दगड सच्छिद्र, म्हणजे सीलर, छिद्रं बुजवणारं द्रव्य, मारायचा आणि तो ठरावीक काळाने परत मारायचा, आणि खरं सांगू का, दुसऱ्यांदा सीलर मारलेलं क्लिनिक मी अजून बघितलेलं नाही. मार्बल पाहिजेच असेल तर रिसेप्शनच्या समोरच्या उभ्या बाजूला लावा, जिथे कोणी हात ठेवत नाही.

क्वार्ट्झमध्ये साधारण ९० टक्क्यांच्या वर दगडाचा चुरा असतो आणि बाकीचं रेझिन, म्हणजे चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं मटेरियल, त्यामुळे छिद्रं जवळपास नसतातच, सीलर लागत नाही. फक्त कडक ब्लीच तसंच तासन् तास साचू दिलं तर रेझिन फिकं पडतं. आणि एक गोष्ट जी तुमच्या तब्येतीची नाही, कारागिराच्या तब्येतीची आहे: हा माल कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन कायमचं नुकसान करते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून याच्यावर बंदीच आणली. लावायचाच असेल तर वर्कशॉपमध्ये पाण्याखाली कापून आणायला सांगा, तुमच्या क्लिनिकमध्ये ग्राइंडर लावून नाही.

आता तुमचं कोरियन. याचा कोरिया देशाशी काही संबंध नाही बरं का, ड्यूपाँट कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या मटेरियलचं ते नाव, आणि आता तशा सगळ्याच सॉलिड सरफेसला लोक कोरियन म्हणतात. अंदाजे एक तृतीयांश ॲक्रिलिक, दोन तृतीयांश ॲल्युमिनियमचं एक खनिज. मला क्लिनिकसाठी हे जास्त आवडतं आणि त्याचं कारण रंग वगैरे नाही, कारण आहे सांधा. दोन तुकडे त्याच रंगाच्या ॲडेसिव्हने जोडून घासले की सांधा दिसतही नाही आणि बोटालाही लागत नाही, सिंक त्यातच जोडता येतं, मागची पट्टी गोलाई देऊन वर घेता येते, म्हणजे पाणी आणि घाण अडकायला कोपराच उरत नाही. चरे पडतात, हो, पडतातच, पण घासून काढता येतात. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रातून, काढलेला गरम ट्रे मात्र थेट ठेवू नका.

हे सांध्याचं मी पुढेही म्हणणार आहे, कंटाळू नका. ब्रोशरमध्ये सगळे शीटचे गुण सांगतात, पण शीट कुठलीही घ्या, ती पुसता येतेच. पुसता येत नाही ती दोन शीटमधली फट, एज बँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, सुटलेली कड, सिंकभोवतीचं काळं पडलेलं सिलिकॉन. क्लिनिकमध्ये सनमायका लावणार असाल, आणि बजेटमुळे बरेच जण लावतात, तर वरच्या शीटची चिंता करू नका, कडांची करा. कडेतून ओल आत गेली की पार्टिकल बोर्ड फुगतो आणि मग ती जागा कितीही पुसली तरी निर्जंतुक होत नाही. ओल्या जागेला कॉम्पॅक्ट लॅमिनेट परवडलं तर बघा, ते आतपर्यंत एकसारखं भरीव असतं, त्यात फुगायला बोर्डच नसतो.

प्रश्न: जिम चालवतो. बेंचचं रेक्झिन वर्षभरात तडकतंय. मेंबर लोक सॅनिटायझर मारून पुसतात म्हणून मी खूश होतो, आता वाटतंय त्यानेच वाट लागतेय.

बरोबर वाटतंय. रेक्झिन हा शब्द आपण सरसकट वापरतो पण त्यात दोन वेगळे प्रकार येतात. एक पीव्हीसीचं, ते मुळात कडक असतं, मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, आणि अल्कोहोल रोज रोज लावलं की ते हळूहळू बाहेर निघतं, रेक्झिन ताठ होतं आणि मग घडीवर चीर पडते. दुसरं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, हाताला जास्त छान लागतं, पण स्वस्तातलं पीयू घाम आणि दमट हवेने आतून विघटित होतं आणि पापुद्रे निघतात, ते तर तुम्ही जुन्या सोफ्यावर बघितलंच असेल. नवीन घेताना दुकानदाराला एकच विचारा, ‘यावर कुठलं जंतुनाशक चालतं त्याची लेखी यादी आहे का?’ हॉस्पिटलसाठी बनवलेल्या मालाला अशी यादी असते. ‘सगळं चालतं’ असं तोंडी उत्तर मिळालं की समजून जा.

शिलाई बघा. बेंचच्या वरच्या बाजूला टाके असतील तर ती सगळी भोकंच आहेत, घाम आणि स्प्रे दोन्ही तिथून फोममध्ये जातात आणि फोम कोणी पुसू शकत नाही. शिलाई खालच्या बाजूला घ्यायला सांगा. आणि तडकलेल्या बेंचवर चिकटपट्टी लावू नका, लोक लावतात, पट्टीच्या कडेला मळ साचून आणखी घाण होते, कव्हर बदला.

तिसरी गोष्ट, तुमचे मेंबर फुस्स करून लगेच पुसतात ना, त्याने फारसं काही मरत नाही. प्रत्येक जंतुनाशकाला पृष्ठभाग ओला राहायला ठरावीक वेळ लागतो, लेबलवर लिहिलेला असतो, कुठे १ मिनिट कुठे १० मिनिटं. अल्कोहोल तर तेवढ्यात उडूनच जातं. म्हणून जिमला मी क्वाटवालं, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड वगैरे ज्यात असतं ते, सुचवते, घाम-तेल आधी साबणाच्या फडक्याने काढून मग ते लावायचं, लेबलवरचा वेळ होऊ द्यायचा आणि दिवसातून एकदा साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट थर बसतो. आणि फडकं सुती नको, सुताला क्वाट चिकटून बसतं, बादलीतलं औषध फडक्यातच राहतं आणि बेंचवर नुसतं पाणी फिरतं.

प्रश्न: आमचं शेअर्ड ऑफिस आहे. स्टेनलेस स्टीलच्या हँडलवर तपकिरी ठिपके आलेत, सप्लायर म्हणतो तुम्ही चुकीचं वापरलं. आता एक जण तांब्याची हँडल लावा म्हणतोय, जंतू आपोआप मरतात म्हणे.

सप्लायर अर्धा खरा आहे. स्टेनलेस म्हणजे डाग पडतच नाही असं नसतं, स्टीलमधल्या क्रोमियममुळे वर एक अतिशय पातळ थर बनतो आणि तोच गंजापासून वाचवतो. ब्लीचमधलं क्लोराइड त्याच थराला टोचून भोकं पाडतं. नेहमीचं ३०४ ग्रेड असेल तर लवकर, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं, पण टिकतं म्हणजे अमर नाही. ब्लीच वापरायचंच असेल तर लेबलवरचा वेळ झाला की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. खरं तर हँडलला रोज ब्लीचची गरजही नसते. आणि ब्रश फिनिश असेल तर रेघांच्या दिशेने पुसा, आडवं पुसलं की मळ रेघांत भरतो.

तांब्याचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. १९८३ मध्ये फिलिस कून यांनी हॉस्पिटलमधल्या दाराच्या मुठींवर लेख लिहिला होता, पितळी मुठी आणि स्टेनलेसच्या मुठी यांची तुलना करून, आणि त्यात पितळेची बाजू वरचढ ठरली. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली, पण तो दावा काय आहे बघा: २ तासांत ९९.९ टक्के बॅक्टेरिया. दोन तास! तुमच्या ऑफिसच्या मेन दाराला दोन तासांत किती हात लागतात? म्हणजे पुसणं काही सुटत नाही. वर तांबं काळवंडतं, ते लोकांना आवडत नाही म्हणून कोणीतरी त्यावर लॅकर मारतं, आणि लॅकर मारला की हात तांब्याला लागतच नाही, मग फायदा शून्य. काळवंडलेलं चालणार असेल तरच लावा, छान दिसतं ते, माझं वैयक्तिक मत.

एक आठवण करून देते. २०२० च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेतले आकडे आले होते की कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो, तांब्यावर ४ तास, आणि सगळे हँडलवर तुटून पडले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेच, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनेच, सांगितलं की पृष्ठभागावरून तो लागण्याची शक्यता एकंदरीत कमी, प्रत्येक संपर्कामागे दहा हजारात एकापेक्षाही कमी. म्हणून हँडल पुसूच नका असं नाही, उलटी-जुलाबाचा नोरोव्हायरस पृष्ठभागावर चांगला टिकतो आणि अल्कोहोलला फारशी दादही देत नाही. पण तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर महागडं हँडल घेण्यापेक्षा हँडलच कमी करा. टॉयलेटचं दार बाहेरच्या बाजूला ढकलून उघडेल असं बसवा, नळाला सेन्सर लावा, आतल्या दारांना पायाने ओढायची पट्टी लावा. ज्याला हात लागत नाही ते पुसायचीही घाई नाही.

प्रश्न: मॅडम, छोट्या मुलांचं पाळणाघर सुरू करतेय. मुलं फरशीवर रांगतात, सांडतात, सगळं करतात. टाइल, व्हिनाइल, की इपॉक्सी? आणि घसरायला नको.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात अडचणीचंही. जी फरशी पुसायला सोपी ती गुळगुळीत, जी गुळगुळीत ती ओली झाली की घसरते, आणि खरखरीत घ्यावी तर मळ धरते. यातून सुटका नाही, मधलं काहीतरी निवडावं लागतं. सप्लायर आर ९ ते आर १३ असे आकडे सांगतात, आकडा वाढतो तशी पकड वाढते आणि पुसायचा त्रासही वाढतो. तुम्ही त्यांना ओल्या फरशीची पकड मोजणाऱ्या पेंडुलम टेस्टचा आकडा मागा, ३६ किंवा वर असेल तर घसरायचा धोका कमी धरतात. खेळायच्या खोलीला मध्यम, आणि जास्त पकडीचं फक्त हात-पाय धुवायच्या जागेला. सगळीकडे खरखरीत टाकलं तर मावशी दोन आठवड्यांत घासायचं सोडून देतील, मग काय उपयोग.

मी असते तर व्हिनाइल शीट टाकली असती, रोलमध्ये येते ती, टाइलसारखे तुकडे नाही. २ मिमीची, वरून खालपर्यंत एकाच मटेरियलची मिळते ती. दोन शीटच्या मध्ये खाच पाडून व्हिनाइलचीच दोरी गरम हवेने वितळवून भरतात, म्हणजे सांधा बंद, आणि भिंतीशी ती गोलाई देऊन साधारण १० सेंटिमीटर वर चढवतात, वेगळं स्कर्टिंग नाहीच. पडलं तरी मुलांना टाइलपेक्षा कमी लागतं. पण हे बसवणारा माणूस जाणकार पाहिजे. एका जागी मी स्वतः वेल्डिंग वाचवलं होतं, नुसती शीट शेजारी शेजारी चिकटवली, काम संपवायची घाई होती, पहिल्याच पावसाळ्यात सांध्यातून पाणी खाली जाऊन कडा उचलल्या आणि खालून असा वास यायला लागला की अर्धी खोली उपटावी लागली. खालची जमीन पूर्ण वाळलेली आहे हे तपासल्याशिवाय चिकटवू देऊ नका, हेच इपॉक्सीलाही, म्हणजे ओतून पसरतात त्या रेझिनच्या थरालाही, लागू, खालून ओल आली की इपॉक्सीला फोड येतात. इपॉक्सी सलग असते हा तिचा मोठा गुण, पण उन्हाने पिवळी पडते, मोठ्या खिडक्या असतील तर विचार करा.

टाइल घेतलीत तर पोर्सिलेनची घ्या, ती ०.५ टक्क्यांपेक्षाही कमी पाणी शोषते, मोठ्या आकाराची म्हणजे सांधे कमी, आणि सांधे सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे फटीत भरायच्या मसाल्याने, नाही, इपॉक्सी ग्राउटने भरा. कारागीर कुरकुर करेल, लवकर सुकतं आणि चिकटतं म्हणून, करू दे. कार्पेट नको, सरळ नको. आणि कोणी नैसर्गिक म्हणून लिनोलियम सुचवलं, जे जवसाच्या तेलापासून बनतं, तर ते चांगलं असतं पण जास्त अल्कली असलेलं काही त्याला सोसत नाही, म्हणजे ब्लीच आलं की संपलं.

तुमच्या मावशींसाठी भिंतीवर मोठ्या अक्षरात एवढं लावा: आधी साबणाने पुसा, मग जंतुनाशक. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच भांडण्यात संपतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्के होतं, रोज ताजं करायचं, मुलं खोलीत नसताना लावायचं, मग साध्या पाण्याने पुसून, वाळू देऊन मगच त्यांना आत घ्यायचं. आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो, अमोनियावाल्या क्लीनरमध्येही नाही. हे मी दर वेळी सांगते, दर वेळी कोणीतरी ‘आम्ही तर नेहमी मिसळतो, जास्त फेस येतो’ म्हणतं. नका हो मिसळू.

प्रश्न: भिंतीला कुठला पेंट?

मॅट नको, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. डब्यावर किंवा डेटाशीटवर ओल्या घासणीचा क्लास बघा, १ सगळ्यात टिकाऊ, ५ सगळ्यात कच्चा. हात आणि खुर्च्या लागतात तेवढ्या उंचीपर्यंत पीव्हीसीचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बसवायची शीट, लावलंत तर रंगाची चिंताच नाही, वर काहीही मारा.

प्रश्न: ‘अँटिमायक्रोबियल लॅमिनेट, ९९.९ टक्के’ असं लिहिलेलं बरंच महाग मिळतंय. घेऊ का?

टेस्ट कशी करतात ते कळलं की तुम्हीच ठरवाल. आयएसओ २२१९६ नावाची चाचणी आहे, त्यात बॅक्टेरिया असलेलं पाणी तुकड्यावर टाकून त्यावर फिल्म झाकतात आणि ३५ अंशाला दमट हवेत २४ तास ठेवतात. तुमचं काउंटर कोरडं, एसीत, त्यावर कोणीतरी शिंकून गेलं आणि पाच मिनिटांनी दुसऱ्याने कोपर ठेवलं. या दोन गोष्टींचा मेळ लागतो का? लेबल खोटं नसतं, पण असे पदार्थ बहुतेक वेळा त्या लॅमिनेटलाच बुरशी-वास लागू नये म्हणून घातलेले असतात. त्यात जादा जाणारे पैसे चांगल्या एज बँडमध्ये घाला.

प्रश्न: काउंटरवरची पारदर्शक पार्टिशन सॅनिटायझरने पुसून पुसून धुरकट झालीय, बारीक रेषांचं जाळं आलंय. काय करू?

ती ॲक्रिलिकची आहे आणि अल्कोहोलने ॲक्रिलिकला असंच होतं. परत येत नाही. पुढची टफन्ड काचेची करा, किंवा ॲक्रिलिकच ठेवायचं तर साबणपाणी आणि मऊ फडकं, किंवा ॲक्रिलिकला चालतं असं लेबलवर लिहिलेलं जंतुनाशक.

प्रश्न: तुम्ही सगळं नव्याने करणाऱ्यांनाच सांगता. माझं सलून करून तीन वर्षं झालीत, लाकडी टेबलं, कापडी खुर्च्या, सगळं आहे तसंच आहे. तोडफोड शक्य नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

टोमणा पोचला. तोडू नका काही. एक दिवस दुकान सुरू असताना कोपऱ्यात बसा आणि लोकांचे हात कुठे कुठे लागतात ते नुसतं बघत राहा: खुर्चीचे हात, दाराची कड, कार्ड मशीन, ड्रॉवरची खुंटी, नळ. बहुतेक जागांत ही यादी दहा-बारा वस्तूंच्या पुढे जात नाही. पैसे फक्त तिथे घाला. कापडी खुर्चीचं पूर्ण कापड बदलू नका, हात टेकतो तेवढ्या भागाला पुसता येणारं कव्हर करून घ्या. काळं पडलेलं सिलिकॉन ब्लेडने कापून काढून बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरा, अर्ध्या दिवसाचं काम. टाइलच्या सांध्यातलं वरचं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरता येतं.

लाकडी टेबलाला आधी बघा वर काय मारलंय. शेलॅक पॉलिश असेल तर सॅनिटायझरने ते विरघळतं, पांढरे-चिकट डाग पडले असतील तर तेच आहे. घासून दोन भाग मिसळून मारतात ते पीयूचं पॉलिश मारून घ्या, कडांना आणि खालच्या बाजूलाही, कारण ओल खालूनही शिरते. आणि नवीन काही लावायच्या आधी, मग ते पॉलिश असो की रेक्झिन, हातभर तुकडा मागून घ्या, मावशींकडे द्या, त्यांच्या नेहमीच्याच औषधाने रोज दहा-वीस वेळा पुसायला सांगा आणि महिन्याभराने बघा.

टेबलावर काच टाकून काम भागवावं असं वाटेल, मलाही एकदा वाटलं होतं. काचेखाली ओल अडकते आणि लाकूड काळं पडतं. टाकायचीच असेल तर खाली छोटे रबरी ठिपके लावा आणि आठवड्यातून एकदा उचलून पुसा, दोन माणसं लागतील.